काळ्या पडद्यावर मराठी

यंत्र सुरळीत चालू असते तेव्हा टेक्स्ट कन्सोलची आठवण कोणाला होत नाही. ग्राफिक्स कोलमडले, नेटवर्क गेले, डिस्कने दगा दिला, की काळ्या पडद्यावरच्या त्या ओळी तेवढ्या हाती उरतात. पुण्या-मुंबईत त्याने फारसे अडत नाही. दुसऱ्या यंत्रावरून आत शिरता येते, नाहीतर तासाभरात कोणीतरी पोहोचतो. धडगावात तसे नाही. अक्राणी तालुक्याचे हे ठाणे सातपुड्याच्या आत आहे. तळोद्याकडून जायचे तर चांदसैलीचा घाट, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तोही बंद. लिंक तुटली असेल, तर यंत्रासमोर बसलेला माणूस आणि त्याचा मोबाइल एवढाच आपला आधार. तो घरी पावरी किंवा भिली बोलतो, शाळा मराठीतून शिकलेला असतो, आणि पडद्यावरची इंग्रजी ओळ अक्षर अक्षर लावून आपल्याला ऐकवतो. त्यात ओळ वर सरकून गेली की गेलीच. शिफ्ट-पेजअप दाबून मागे जाण्याची सोय लिनक्स ५.९ मध्ये, म्हणजे २०२० साली, कर्नलमधून काढून टाकली गेली.

दुर्गम तालुक्यांत यंत्रे बसवणाऱ्यांनी या शेवटच्या पडद्यावर मराठी आणलीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. ती कशी आणू नये, हे आधी सांगितले पाहिजे. कारण बहुतेकांचा हात पहिल्यांदा फॉन्टकडे जातो.

केडीफॉन्टऑप या आयओसीटीएल कॉलने कन्सोलचा फॉन्ट बदलता येतो आणि पीआयओ_युनिमॅपने कोणत्या युनिकोड अक्षरासाठी कोणता आकार हे कर्नलला सांगता येते. सेटफॉन्ट ही आज्ञा हेच कॉल वापरते. पण व्हीजीए टेक्स्ट मोडमध्ये आकार फार तर ५१२, आणि २५६ च्या पुढे गेलात की रंगाच्या माहितीतला एक बिट त्यासाठी खर्ची पडून ठळक रंग जातात. आकड्यांची ही अडचण एक वेळ सोसू. खरी अडचण अशी, की कर्नल एका अक्षराला एक आकार देतो आणि तो आपल्या घरात ठेवतो. शेजारच्या घरात काय आहे ते पाहत नाही. ‘कि’ साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर असते, पडद्यावर वेलांटी आधी यायला हवी. ‘क्ष’ साठी क, हलन्त आणि ष असे तीन संकेत येतात आणि आकार एकच हवा. ही जुळणी युनिमॅपच्या तक्त्यात बसत नाही. फॉन्ट भरून जे दिसते ते फुटलेले मराठी असते, आणि फुटलेले मराठी वाचण्यापेक्षा धडगावचा माणूस इंग्रजीच वाचील.

हा प्रश्न महाराष्ट्रात पूर्वी एकदा सुटला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्टचे काम १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे वाढले. जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले की डॉसवरचा डीबेससारखा प्रोग्रॅम एकही ओळ न बदलता देवनागरी दाखवू लागे. प्रोग्रॅमला फक्त इस्की या भारतीय लिपींच्या संकेतावलीचे बाइट दिसत. जोडाक्षरे लावून पडद्यावर उमटवणे कार्डाकडे. इस्कीला पुढे १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे मानकही मिळाले. मग खिडक्यांचे युग आले, देवनागरी ग्राफिक्सकडे गेली आणि टेक्स्टचा पडदा इंग्रजीपुरता उरला. जिस्टमधली कामाची वाटणी मात्र आजही तितकीच योग्य आहे. फरक एवढाच, की कार्डाची जागा आता आपल्या प्रोग्रॅमने घ्यायची.

व्हीटी_ओपनक्यूआरवाय विचारून मोकळे कन्सोल मिळवा. व्हीटी_अ‍ॅक्टिव्हेट आणि व्हीटी_वेटअ‍ॅक्टिव्हने ते समोर आणा. मग केडीसेटमोडने केडी_ग्राफिक्स लावला की कर्नल त्यावर अक्षरे उमटवणे थांबवतो आणि पडदा तुमचा. जुळणीला हार्फबझ आहे, लोहितसारखे मुक्त फॉन्ट आहेत. केएमएसकॉन हा प्रकल्प याच वाटेने गेला आहे, त्याचा कोड जरूर वाचा. कर्नलचे संदेश केएमएसजीमधून वाचून आपल्याजवळ साठवा, म्हणजे मागे सरकण्याची गेलेली सोयही परत मिळते. वर मराठीत काय बिघडले आणि काय करायचे ते लिहा, खाली मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी ठेवा. फोनच्या या टोकाला असलेल्या आपल्याला तीच लागते.

पडदा घेणे सोपे आहे. तो सोडण्यात लोक चुकतात, आणि इथे आम्हाला सगळ्यात जास्त आग्रह धरायचा आहे. कन्सोल व्हीटी_ऑटो अवस्थेत ठेवून नुसता केडी_ग्राफिक्स लावला आणि प्रोग्रॅम मेला, तर ऑल्ट-एफ२ कितीही दाबा, कर्नल ती विनंती कानाआड करतो. म्हणून आधी व्हीटी_सेटमोडने व्हीटी_प्रोसेस लावा, नंतरच ग्राफिक्स. आता बदलाची विनंती आली की कर्नल तुम्हाला सिग्नल पाठवतो आणि तुम्ही व्हीटी_रेलडिस्पने होकार द्यायचा. सिग्नल घ्यायला प्रोग्रॅमच जिवंत नसेल, तर कर्नल स्वतः कन्सोल मूळ स्थितीत आणतो. प्रोग्रॅम जिवंत असून लूपमध्ये अडकला असेल तर मात्र सगळे अडते. त्यावर उपाय म्हणून लहानसा पालक प्रोसेस ठेवा. त्याने मुलावर लक्ष ठेवायचे, अडकला तर मारायचा आणि केडी_टेक्स्ट, व्हीटी_ऑटो परत लावायचे. कीबोर्ड के_ऑफ करू नका, के_युनिकोडवरच राहू द्या. नाहीतर ऑल्ट-एफ२ कर्नलपर्यंत पोहोचतच नाही.

एवढे करूनही अडकलेच, तर ऑल्ट-सिसआरक्यू-के हा अखेरचा मार्ग. तो त्या कन्सोलवरचे सगळे प्रोसेस मारून ते मोकळे करतो. पण यंत्र धडगावला पाठवण्याआधी कर्नल.सिसआरक्यूचे मूल्य तपासा. उबुंटूमध्ये ते मुळात १७६ असते आणि त्यात ही परवानगी नाही. डेबियनच्या ४३८ मध्ये आहे.

प्रत्यक्ष कर्नल पॅनिक झाला तर आपला प्रोग्रॅम उरतच नाही. तिथे लिनक्स ६.१२ मध्ये आलेला पॅनिकचा क्यूआर कोड उपयोगी पडेल; अक्षरे लावत बसण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढून पाठवणे कोणालाही जमते. आणि टायोकएसटीआयने टर्मिनलमध्ये अक्षरे घुसवण्याच्या जुन्या युक्त्या नव्या कामात आणू नका. ६.२ पासून तो कॉल बंद ठेवण्याची सोय झाली आहे आणि ते योग्यच आहे.

असा प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला असेल किंवा लिहायला घेतला असेल, त्यांनी तो आमच्याकडे पाठवावा. आम्ही आधी त्याच्या जोडाक्षरांकडे बघणार नाही. तो चालू असताना किल -९ ने मारू, नंतर सिगस्टॉपने गोठवू, आणि दोन्ही वेळा ऑल्ट-एफ२ ने लॉगिनची ओळ समोर येते का ते पाहू. जो यात टिकेल त्याचा पूर्ण कोड या मासिकात छापू.