आधी रिकामी नळी बुडवा

पावसाळा लागला की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरचे सिलिंडर आणि रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून आत जातात. समुद्र गढूळलेला असतो आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. या मोकळ्या महिन्यांत अनेक डायव्हरांच्या टेबलावर सारखेच सामान पसरलेले दिसते. ॲल्युमिनियमची अर्धवट कातलेली नळी, चार-सहा ओ-रिंगा, एलईडीची चकती, काचेचा जाड गोल तुकडा. पाण्याखालचा दिवा घरी बनवण्याचा हा उद्योग आहे आणि या अंकाचा त्याला मनापासून पाठिंबा आहे. आक्षेप आहे तो फक्त कामाच्या क्रमाला. बहुतेक जण आधी प्रकाश ठरवतात आणि मग त्याला कवच शोधतात.

दुकानात मिळणाऱ्या चांगल्या दिव्यांचा उगमही घरगुती कारागिरीत आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांना पुरेसा उजेड देणारा तयार दिवा मिळत नव्हता, तेव्हा त्यांनी तो स्वतः केला. कमरेला बॅटरीचा डबा, हातात दिव्याचे डोके आणि दोघांना जोडणारी केबल, अशी ती रचना होती. आत शिसे-आम्लाची जड बॅटरी आणि हॅलोजनचा बल्ब असे. त्यांच्यापैकीच एक असलेले गुहा-डायव्हर शेक एक्स्ले यांनी १९७९ साली गुहांमधल्या मृत्यूंची कारणे तपासून सुरक्षिततेचे नियम पुस्तकरूपाने मांडले. त्या परंपरेत प्रत्येक डायव्हरकडे किमान तीन दिवे असावेत हा दंडक पक्का झाला. आपण केलेली वस्तू कधी ना कधी बंद पडणार, हे स्वतः दिवे जोडणाऱ्या त्या मंडळींनी गृहीत धरले होते. जपानी संशोधकांच्या निळ्या एलईडीमुळे पुढे पांढरा एलईडी शक्य झाला, त्या निळ्या एलईडीला २०१४ चे नोबेल मिळाले, आणि डब्याएवढा दिवा मुठीत मावू लागला. समुद्राचा दाब मात्र तेवढाच राहिला.

तो दाब आकड्यांत पाहावा. दर १० मीटरला एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार वाढतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या काचेवर ४० मीटर खोलीवर सुमारे ८० किलोचा भार पडतो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या काचेवर उभा राहिल्यासारखे. या व्यासाला ८ ते १० मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक हा भार आरामात पेलते. काच फुटून दिवा गेला असे फारसे घडत नाही. दिवा जातो तो सांध्यातून.

सांधा राखते ती ओ-रिंग, आणि तिच्याबद्दलचे गैरसमज जुने आहेत. झाकण जितके आवळावे तितके पाणी अडते, हा त्यातला पहिला. आटे फक्त झाकण धरून ठेवतात. पाणी अडवते ते ओ-रिंगचे दबलेपण, आणि ते खाचेच्या मापाने आधीच ठरलेले असते. अडीच मिलिमीटर जाडीच्या रिंगसाठी खाच दोन मिलिमीटर खोल असली की रिंग सुमारे २० टक्के दबते. रबर दबून आकसत नाही, फक्त आकार बदलते, म्हणून त्याला पसरायला जागा हवी आणि खाचेची रुंदी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. खाचेच्या तळावर हत्याराच्या गोलाकार रेघा राहिल्या तर एक वेळ चालते, पण रिंगला आडवा छेदणारा केसाएवढा ओरखडा म्हणजे पाण्याला खुला पाट. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कसबी टर्नर हे काम बिनचूक करतो, फक्त त्याच्या हातात मापे लिहिलेला कागद द्यायला हवा. 'जरा घट्ट बसेल असं कर' एवढ्या सूचनेवर ओ-रिंगची खाच होत नाही.

ग्रीसचेही तसेच. पातळ थर पुरतो. रिंग पिळवटू नये, नीट सरकून बसावी, एवढ्यासाठीच तो असतो. बोटभर ग्रीस फासले की वाळूचे कण तिथेच चिकटतात. पीव्हीसी पाइपचे दिवे करणारे सांधे बुजवायला न्हाणीघरातले सिलिकॉन वापरतात. ज्या सिलिकॉनला शिर्क्यासारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना ॲसिटिक आम्ल सुटते आणि बंद नळीत ते तांब्याच्या तारा आणि सर्किट खाऊन टाकते. शिवाय पीव्हीसी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. एलईडीला दिलेल्या विजेचा निम्म्याहून मोठा वाटा उष्णतेत जातो. ॲल्युमिनियमच्या कवचातून ती समुद्रात निघून जाते, प्लॅस्टिकमध्ये ती एलईडीलाच भाजते. त्यामुळे पीव्हीसीचे कवच दोन-तीन वॉटच्या छोट्या दिव्यालाच ठीक. ॲल्युमिनियमचा दिवादेखील होडीवर, हवेत, पूर्ण तेजाने पेटवून कौतुकाने फिरवू नये.

लुमेनच्या आकड्यांवर फार वेळ घालवायला नको. १० वॉटच्या एका एलईडीतून हजाराच्या आसपास लुमेन मिळतात. तेवढ्याच वॉटच्या मुठीतल्या टॉर्चवर पाच-आठ हजार छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे. १८६५० मापाच्या सेलवर ९९०० मिलिॲम्पिअर-तास लिहिलेले असेल तर तेही खोटेच. या मापाचे उत्तम सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. असा एक चांगला सेल १० वॉटचा दिवा साधारण तासभर चालवतो. रात्रीच्या ४५ मिनिटांच्या डायव्हला ही शिल्लक अपुरी, म्हणून दोन सेल घालावेत.

प्रकाशाचा खरा प्रश्न कोनाचा आहे. घरात भिंतीवर १२० अंशांत पसरणारा झोत सपाट काचेतून पाण्यात शिरताना वळतो आणि ८० अंशांच्या आसपास उरतो. व्हिडिओसाठी दिवा करणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. कोकणच्या पाण्यात तरंगणारा गाळ बराच असल्याने रुंद झोत समोरचे कणच उजळतो आणि डायव्हरपुढे पांढरी भिंत उभी राहते. तिथे अरुंद झोतच कामाचा. उलट विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या आंग्रिया बँकेचा प्रवाळाचा माथा सुमारे २० मीटर खोलीवर आहे आणि तिथले पाणी स्वच्छ आहे. तेवढ्या खोलीवर सूर्यप्रकाशातला तांबडा रंग उरलेलाच नसतो. तिथे रुंद, रंग खरे दाखवणारा एलईडी हातभर अंतरावरून धरला, की निळसर राखाडी दिसणारा प्रवाळ आपल्या खऱ्या रंगांत उजळतो. एकाच दिव्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा करू नये.

आता बॅटरी. या विषयात ढिलाई चालणार नाही. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' ही डायव्ह बोट जळाली आणि ३४ माणसे गेली. आगीचे नेमके कारण निश्चित करता आले नाही, पण माणसे खाली झोपलेली असताना वरच्या दालनात लिथियम बॅटरीची उपकरणे चार्जिंगला लावलेली होती आणि रात्री फिरून पाहणारा पहारा नव्हता. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल पाण्याखालच्या दिव्यात घालू नयेत, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. त्यांची उरलेली क्षमता ठाऊक नसते आणि सुट्या सेलला संरक्षक सर्किटही नसते. खारे पाणी आत शिरले की विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, सेल तापून स्वतःचा वायू सोडतो, आणि बाहेरचा दाब झेलण्यासाठी केलेली मजबूत नळी आतला दाब कोंडून धरते. पाणी शिरलेला दिवा वर आणल्यावर त्याचे तोंड माणसांकडे ठेवू नये. तो उघड्यावर, चेहऱ्यापासून दूर धरून, हळूहळू उघडावा. झाकणाची रचनाच अशी असावी की आतून दाब वाढला तर वायूला निसटायला वाट मिळेल.

एवढे सगळे नीट जमले तरी दिवा अजून तयार झालेला नाही. एलईडी, सेल, सर्किट यांपैकी काहीही न बसवता नळी रिकामी बुडवावी. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवावा म्हणजे थेंबभर पाणीही लपणार नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात ही चाचणी पुरी होत नाही, ३० मीटरसाठी केलेल्या नळीला ४५ मीटरचा दाब दाखवायला हवा. त्यासाठी होडी खोल समुद्रात न्यायचीही गरज नाही. प्लंबर नव्या पाइपलाइनची तपासणी ज्या हातपंपाने करतात, तो जाड लोखंडी पाइपच्या बंद टाकीला जोडावा, टाकीत नळी ठेवावी, टाकी काठोकाठ पाण्याने भरावी आणि साडेचार किलोचा दाब तासभर धरावा. टाकीत हवा ठेवू नये. दाबलेली हवा टाकी फाटल्यास स्फोटासारखी सुटते, पाणी तसे सुटत नाही. मग दाब सोडून पुन्हा चढवावा, असे दहा वेळा. सैल बसलेली ओ-रिंग खोलवर दाबाने खाचेच्या भिंतीला टेकते आणि पाणी रोखते. तीच पहिल्या एक-दोन मीटरमध्ये गळते. म्हणून बादलीतली रात्रभराची चाचणी दाबाच्या चाचणीइतकीच गरजेची आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात.

चाचणीला उतरलेला दिवा मुख्य दिवा म्हणून खुशाल वापरावा. पर्यायी दिवा मात्र दुसऱ्या बनावटीचा, विकतचा आणि वेगळ्या सेलवर चालणारा हवा. एकाच हाताने, एकाच मापाने केलेल्या दोन दिव्यांत दोषही एकच असतो. डायव्ह केंद्र चालवणाऱ्यांनी पैसे भरून पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाच्या हाती घरगुती दिवा कधीही देऊ नये. आणखी एक गोष्ट कोकणात विसरून चालत नाही. एलईडी लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आहे आणि पारंपरिक मच्छीमारांचा त्या प्रकाशावर रास्त राग आहे. रात्री प्रखर दिवे घेऊन उतरणाऱ्यांनी जवळच्या वाडीतल्या मच्छीमारांना आधी कळवावे.

वाचकांनी आपल्या चाचणीच्या नोंदी या मासिकाकडे पाठवाव्यात. नळीचा व्यास, ओ-रिंगची जाडी, खाचेची खोली, दाब, वेळ आणि पाणी शिरले असल्यास ते नेमके कुठून शिरले, एवढे पोस्टकार्डावरही मावते. ज्यांच्या नळीत पाणी शिरले, त्यांच्या नोंदी हंगामाच्या पहिल्या अंकात सर्वांत आधी छापल्या जातील.