सरासरी साठ, तरी गेम अडकतो

एका सेकंदात साठ फ्रेम काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातल्या एकोणसाठ ८५० मिलिसेकंदांत उरकल्या आणि साठावीने एकटीनेच १५० खाल्ले, तरी हिशेबात आकडा साठच पडतो. खेळणाऱ्याची गाडी मात्र ऐन वळणावर गचका खाते. 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हे आलेख काढून दाखवले. आज सरासरीच्या पट्टीखाली '१ टक्का लो'ची, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमची पट्टी दिसते, तिच्यामागे ते काम आहे. काउंटरवर सांगितला जातो तो अजूनही वरच्याच पट्टीचा आकडा.

मध्यम किमतीच्या कार्डांत फक्त सरासरी बघण्याची ही सवय फार महागात पडते. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस होती. २०२३ मध्ये आलेल्या ४०६० वर ८ जीबी आणि १२८ बिट! नवे कार्ड १७० वॅटऐवजी ११५ वॅटमध्ये भागवते आणि १०८०पीला बहुतेक गेममध्ये जुन्याला मागे टाकते, हे खरेच. पण टेक्स्चर अल्ट्रावर नेली आणि ८ जीबी भरली, की उरलेला डेटा पीसीआयईच्या वाटेने रॅममधून ये-जा करू लागतो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवाल्यांनी हे भोगले. पुढच्या पॅचेसनी बरीच दुरुस्ती केली.

ती वाट किती रुंद, हा पुढचा प्रश्न. त्यानंतरचे आरटीएक्स ५०६० टीआय पीसीआयईच्या फक्त आठ लेन वापरते. पीसीआयई ५.० च्या बोर्डवर त्याचे काही वाटत नाही. बी४५० बोर्डवर, म्हणजे ३.० च्या स्लॉटमध्ये, तीच वाट सेकंदाला जेमतेम ८ जीबीची उरते. त्याच्या स्पर्धेतल्या आरएक्स ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत.

नावांचा गोंधळ वेगळाच. एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय ८ आणि १६ जीबीत आले, किमती ३७९ आणि ४२९ डॉलर. परीक्षणासाठी पाठवले गेले ते मात्र १६ जीबीचे. जूनमध्ये ९०६० एक्सटीनेही तोच कित्ता गिरवला: २९९ ला ८, ३४९ ला १६. एकाच नावाची दोन कार्डे, आणि ग्राहकाने वाचलेले परीक्षण बहुधा महागाचे.

इंटेलच्या आर्क बी५८० चा धडा तर परीक्षकांनी भिंतीवर लावावा असा. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी मिळाल्यावर कौतुकाचा पाऊस पडला. त्या चाचण्या ताज्या, महागड्या प्रोसेसरवर झाल्या होत्या. जानेवारीत काहींनी हेच कार्ड रायझन ५ २६०० आणि ३६०० वर लावले, तेव्हा काही गेममध्ये ते चांगलेच ढेपाळले. ड्रायव्हरचा भार जुन्या प्रोसेसरला पेलवत नव्हता. आणि स्वस्तातले कार्ड घेणारा ग्राहक बहुतेकदा असलाच जुना प्रोसेसर बाळगून असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फक्त कार्ड बदलायला येणाऱ्याला त्याचा प्रोसेसर आणि बोर्ड कोणता, हे आधी विचारायला हवे.

तेव्हा चाचणी करणाऱ्यांना एक विनंती: बाकावर नव्या प्रोसेसरशेजारी एक बी४५० आणि ३६०० असू द्या, आणि आलेखात कार्डाच्या नावाला लागूनच मेमरीचा आकडा छापा.