पाणभुंगेरा : खाचरात मित्र, जिऱ्यांच्या तळ्यात वैरी

पावसाळ्यात रात्री ओट्यावरच्या दिव्याखाली एक इंचभर लांबीचा, काळसर हिरवा, कडेने पिवळी पट्टी असलेला भुंगेरा टपकन पडतो. हाच पाणभुंगेरा. शास्त्रात या प्रजातीला ‘सिबिस्टर’ म्हणतात. परवा एका शेतकऱ्याने तो बरणीत घालून आणला आणि विचारलं, “साहेब, याच्यावर कोणतं औषध मारू?” मी म्हटलं, “दादा, आधी सांगा, सापडला कुठं?”

भाताच्या खाचरात सापडला असेल तर त्याला हात लावू नका. तो पीक खात नाही. तो आणि त्याची अळी, दोघेही शिकारी. अळी विळ्यासारख्या पोकळ जबड्यातून भक्ष्याच्या अंगात पाचक रस सोडते आणि आतलं सगळं शोषून घेते. डासांच्या अळ्याही ती फस्त करते. खाचरात विषारी दाणे फेकले की असे राखणदारही मरतात. फोरेटच्या वापरावर २०२० च्या अखेरीस बंदी आली. पण ‘किडा दिसला की औषध’ ही सवय काही गेली नाही.

मात्र रोहू, कटला, मृगळ यांचे जिरे वाढवायच्या तळ्यात हाच किडा वैरी ठरतो. तेच जबडे इवल्याशा जिऱ्यांवर चालतात आणि पैसे पाण्यात जातात. तिथेही विष नको. या किड्याला श्वासासाठी पुन्हा पुन्हा पाण्यावर यावं लागतं, पंखांखाली हवा भरून घ्यावी लागते. तिथेच त्याला गाठा. आधी बारीक जाळं ओढा. मग जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा नसताना, साबण-तेलाचं मिश्रण पाण्यावर पसरा. प्रमाण हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल व १८ किलो साबण. म्हणजे गुंठ्याला सुमारे ५६० ग्रॅम तेल आणि १८० ग्रॅम साबण. साबण पाण्यात विरघळवून मग तेल मिसळा. वर तवंग धरला की किड्यांना हवा मिळत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही विनंती, की डासांसाठी गावतळ्यात औषध ओतण्याआधी त्या पाण्यात कोण राबतंय ते एकदा वाकून बघा. फुकटचा राखणदार आपल्याच हाताने मारू नका.