एक टेम्पो, चार बिले

सेनगावला रेल्वे नाही. जवळचे स्थानक हिंगोली, तेही अकोला-पूर्णा मार्गावरचे. तेव्हा दुकानातला माल रस्त्यानेच यावयाचा. एकाच पेठेतील चार दुकानदारांनी चार टेम्पो मागविले, की गाडी अर्धी रिकामी आणि भाडे मात्र पूर्ण. निष्प्रयोजन हिंसा टाळण्यासाठी श्रावकाला अनर्थदंडविरमण व्रत सांगितले आहे. पावसाळ्यात चाकांखाली जाणारे जीव पाहता ही फेरी त्याच सदरात मोडते.

मग एकत्र खरेदी का होत नाही? आपला खरेदीदर शेजाऱ्यास कळेल, ही धास्ती असते. आणि ती गैर नव्हे. म्हणून आरंभी भाव नव्हे, गाडीच वाटून घ्यावी. बिल ज्याचे त्याच्या नावे असावे, एरवी जीएसटीची वजावट मिळावयाची नाही. भाडे निव्वळ वजनावर वाटले, तर मुरमुऱ्याची पोती गाडी व्यापतात आणि त्यांचे भाडे साखरवाला भरतो. तेथे जागा मोजावी. साखरेसारख्या, दर सर्वांनाच ठाऊक असलेल्या मालाची खरेदी पुढे एकत्र करता येईल. उधारी मात्र ज्याची त्याने फेडावी. एकाच्या थकबाकीपायी चौघांचा माल अडला, तर दुसरी फेरी निघत नाही.