जुने ते सोने, पण सोनार कोण?

आमचे एक स्नेही बेस गिटार वाजवतात. १९६०च्या दशकातल्या रॉक-पॉपच्या रेकॉर्डी ते हौसेने लावतात, तेव्हा जमलेली मंडळी माना डोलावतात आणि म्हणतात, ‘जुने ते सोने!’ माझे भांडण सोन्याशी नाही. सोनाराला विसरणाऱ्यांशी आहे! गाण्याखालचा तो खर्ज कोणाचा, हे त्या साऱ्यांत एकट्या स्नेह्यांनाच ठाऊक.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर जग नाचले. त्यांतल्या कितीतरी गाण्यांचा बेस जेम्स जेमर्सनने वाजवला, तोही उजव्या हाताच्या एका बोटाने. पण १९७१ साली मार्विन गेची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ निघेपर्यंत वेष्टनावर सहसा त्याचे नाव नसे. १९८३ साली तो वारला. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ला त्याची आठवण झाली २००० साली. जिवंतपणी उपेक्षा आणि श्राद्धाला पंचपक्वान्ने!

शाळेत कवितेखाली कवीचे नाव लिहिले नाही, तर मी पोरांचा अर्धा गुण कापतो. मग या रसिकांचे किती कापावेत? बाबांनो, उसासे मागून टाका. आधी वाजवणाऱ्याचे नाव घ्या!