क्रेटा की थार? आधी एक प्रश्न

दसरा जवळ आला की बेळगावातल्या कितीतरी घरांत एकच वाद रंगतो: गाडी क्रेटासारखी घ्यायची की थारसारखी? आमच्या घरी तो दोन महिने चालला. बाबांना 'जीप' हवी होती, कारण जांबोटीच्या पुढे आमचं शेत आहे आणि डांबरी सोडल्यावरचे शेवटचे दोन किलोमीटर पावसाळ्यात नुसता लाल चिखल. आईचे गुडघे दुखतात. तिला नीट चढता-उतरता आलं म्हणजे झालं. बायकोचं माहेर म्हापशाला, त्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर चोर्ला घाट.

आधी दोन्हींतला फरक बघू. क्रेटा, सेल्टॉस दिसायला उंच, पण रचनेने कारच. त्यांचा सांगाडा आणि बॉडी एकच असते, याला मोनोकॉक म्हणतात. त्यामुळे वजन आटोक्यात राहतं, वळणावर गाडी कमी झुकते आणि खड्ड्यांत पाठीला कमी हिसके बसतात. इंजिनाची ताकद मात्र फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. थार आणि जिम्नी यांना खाली शिडीसारखी मजबूत चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फोर बाय फोरमध्ये ताकद चारही चाकांना जाते. शिवाय 'लो रेंज' असते: चाकं सावकाश फिरतात, पण जोर कितीतरी वाढतो. रुतलेली गाडी बाहेर काढायला तोच उपयोगी पडतो.

आकडे बघा. तीन दरवाजांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर, क्रेटाचा 190. उलट क्रेटाची डिकी 433 लिटरची, तर जिम्नीची मागचं सीट उभं असताना 208. जिम्नीत चौघेच बसतात आणि आम्ही पाच जण. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे जायला पुढचं सीट सरकवून आत शिरावं लागतं. आईने शोरूममध्ये ते एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही जावा, मी आपली बसने येते." 2024 मध्ये पाच दरवाजांची थार रॉक्स आली आणि ही अडचण बरीच कमी झाली, पण तिचं फोर बाय फोर मॉडेल आमच्या बजेटबाहेरचं.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आढळतो: फोर बाय फोर म्हणजे पावसात जास्त सुरक्षित. चार चाकांची ताकद गाडी पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. शिवाय थार-जिम्नीसारख्या गाड्यांत ही सोय कोरड्या डांबरीवर वापरायची नसते. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. चोर्ल्याच्या धुक्यात आपल्याला सांभाळतात ते चांगले टायर आणि आवरलेला वेग.

मग मी हिशोब मांडला. आमची गाडी वर्षाला साधारण 11,000 किलोमीटर चालते. पावसाळ्यात शेताच्या पंचवीस-एक फेऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर चिखल, म्हणजे जेमतेम 100 किलोमीटर. एक टक्कासुद्धा नाही! मोठ्या विजयाने मी हे बाबांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "छत्री तरी वर्षातले किती दिवस लागते रे?"

मुद्दा बरोबर होता. आमच्या धंद्यातही सर्व्हर सरासरी दिवस बघून घेत नाहीत, सगळ्यात जास्त गर्दीचा दिवस बघून घेतात. तेव्हा खरा प्रश्न किती टक्के हा नाही. त्या एका दिवशी गाडी अडली, तर काय होईल?

आमचं उत्तर असं निघालं: गाडी डांबरीवर लावायची आणि गमबूट घालून चालत जायचं. कुणाला बरं नसेल तर शेजारच्यांचा ट्रॅक्टर आहे. पण रात्री-अपरात्री काय? त्यावर आईने अट घातली, पावसाळ्यात बाबांनी शेतावर मुक्काम करायचा नाही. ती अट मान्य करून घ्यायला गाडी ठरवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. बाबा शेवटी हो म्हणाले आणि आम्ही क्रेटाच्या जातीची गाडी घेतली.

याच प्रश्नाचं उत्तर कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीत वेगळं येईल. घर आत, रस्ता कच्चा, घरात म्हातारं माणूस आणि गाडी अडली तर दवाखाना दूर. अशा घराने फोर बाय फोरच घ्यावी. त्यांच्यासाठी ती हौस नाही, गरज आहे. ज्यांचं या दोन्हींच्या मधलं आहे, त्यांनी 2022 मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप मॉडेलसारखा पर्याय बघावा. कारचा आराम आणि चारही चाकांना ताकद, लो रेंज मात्र नाही.

शोरूमला जाताना घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला सोबत न्या आणि तीनदा चढ-उतर करायला लावा. आणि निघण्यापूर्वी घरात बसून वरचा प्रश्न एकमेकांना विचारा. टायर कधी बदलावेत, ते पुढच्या अंकात.