सत्याचे गाव कोणते?

परवा थोरल्या बहिणीकडे उणकलला चार दिवस राहण्याचा योग आला. हुबळी आणि धारवाड यांच्यामधल्या हमरस्त्यावरचे हे एके काळचे खेडे. १९६२ साली त्या दोन शहरांची मिळून एक महापालिका झाली, वस्ती वाढत गेली, आणि उणकल शहराच्या पोटात आले. चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ होते तेथेच आहे. तळेही तेथेच आहे. गावची माणसे मात्र जागची न हलता शहरवासी झाली. कोणी शहरात जातो, कोणाकडे शहरच चालत येते, त्यातला हा दुसरा प्रकार.

सायंकाळी तळ्याकाठी भाच्याचा आणि त्याच्या मित्रांचा अड्डा असतो. मलाही तेथे नेण्यात आले. कागदात गिरमीट, सोबत मिरची भजी, आणि बोलणे निम्मे कानडीत, निम्मे मराठीत. विषय होता एका बोलपटाचा. राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ १९९८ साली आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला. हा अड्डा त्याच्या भक्तांचा. ही मुले त्या चित्रपटातल्या माणसांविषयी अशी बोलतात, की जणू ती शेजारच्या गल्लीत राहतात.

वाद असा होता. सत्या नावाचा एक तरुण मुंबईत उतरतो. तो कोठून आला, घरी कोण आहे, गाव का सोडले, यांतले काहीच चित्रपट सांगत नाही. तो दारूच्या बारमध्ये कामाला लागतो, खंडणी मागणाऱ्या गुंडाशी त्याचे बिनसते, खोट्या आरोपावरून तुरुंगात जातो. तेथे भिकू म्हात्रेशी आधी हाणामारी आणि मग दोस्ती होते, आणि तेथून तो टोळीयुद्धात ओढला जातो. गाव न सांगणे हा पटकथेचा गुण की दोष, यावर तळ्याकाठी दोन पक्ष पडले होते.

एका मुलाने ‘जोगी’ची बाजू घेतली. २००५ सालचा हा कानडी चित्रपट आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसेल. प्रेम यांनी तो दिग्दर्शित केला. शिवराजकुमार यांनी केलेला मादेश खेड्यातून बंगळुरास येतो आणि गुन्हेगारीत सापडतो. आणि त्याची आई त्याला शोधत त्या अफाट शहरात हिंडते. आईचे काम अरुंधती नाग यांचे. मराठी रंगभूमीवरही वावरलेली ही अभिनेत्री आपल्याला परकी नाही. मायलेकरांची गाठ काही पडत नाही. तो मुलगा म्हणाला, “मामा, मादेशामागं आई हाय. सत्यामागं कोण हाय? कुणीच नाही. मग त्याच्यासाठी आम्ही रडायचं कशाला?”

मला हे पटले. मी म्हणालो, गाव नसलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. ही लेखकाची सोय आहे. आम्हा कोल्हापूरकरांना तर या पाहुण्याची ओळख फार जुनी. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ सालचा, कथा ना. ह. आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकाराच्या कर्जापायी जमीन जाते आणि तो शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तो मुका चित्रपट होता, तरी माणूस गाव का सोडतो हे त्याने स्वच्छ सांगितले. पुढे १९८३ साली ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, गोविंद निहलानींनी चित्रपट केला. ओम पुरींचा अनंत वेलणकर मुंबईत फौजदार आहे. पण गावच्या पोलिसात नोकरी केलेला, बायकोवर हात टाकणारा बाप त्याच्या मनातून जात नाही. त्याच्या हातून कोठडीतला आरोपी मरतो तेव्हा त्याच्या हातात बापाचाही हात असतो. तो बाप ठाऊक नसता, तर वेलणकर आपल्याला निव्वळ एक तापट अंमलदार वाटला असता.

माझे हे भाषण सर्वांनी आदराने ऐकून घेतले. मग इतका वेळ गप्प बसलेला एक मुलगा बोलला. तो म्हणाला, “सत्या मला आवडतो तो ह्याच्यासाठीच. नाव सांगितलं की आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की गल्ली विचारतात. गल्ली सांगितली की पुढचं काही विचारत नाहीत, तोंडावरनंच कळतं. सत्याला कोणी विचारत नाही.”

यावर कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. गावाचा गौरव करण्याची आपल्याला सवय आहे. आणि बहुधा ज्यांना गावात मानाने बसायला मिळाले तेच तो करतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या या गौरवावर कठोर शब्दांत टीका केली होती, ती काही उगाच नव्हे. गाव हे कोणाचे माहेर असते, तर कोणाला पायातली बेडी. ज्याच्यासाठी ती बेडी आहे त्याला गाव नसलेला नायक आवडला, तर मी त्याला पटकथेचे दोष दाखवू नयेत. त्या मुलाने मला गप्प केले ते योग्यच केले.

तरीही रात्रभर विचार करता मला त्या चित्रपटात एक गोष्ट दिसली, ती त्या मुलालाही सांगावी म्हणून हा लेख. सत्या गाव न घेता येतो हे खरे. पण तो गावाविना राहतो किती दिवस? भिकू म्हात्रे त्याला तुरुंगातून सोडवतो, राहायला खोली देतो, घरी बोलावतो. भिकूची बायको त्याची वहिनीच होऊन जाते. टोळीत हिशेब पाहणारा जो कल्लू, त्याला सगळे हाक मारतात ‘मामा’. आणि भिकूचा खून होतो तेव्हा सत्या काय करतो? गणपती विसर्जनाच्या गर्दीत, समुद्रकाठी, भाऊ ठाकूरदासला गाठून ठार मारतो. हा धंद्याचा हिशेब नव्हे. हा भावाच्या खुनाचा सूड, एखाद्या खेड्यातल्या भाऊबंदकीत शोभेल असा. म्हणजे ज्याला गाव नव्हते त्याला टोळीने गाव दिले. भाऊ दिला, वहिनी दिली, मामा दिला, आणि वैरीही दिला.

माझे म्हणणे ते हे. नवखा माणूस शहरात फार दिवस कोणाचाच नसलेला राहू शकत नाही. त्याला कोणीतरी ‘आपला’ म्हणतोच. प्रश्न एवढाच, की आधी कोण म्हणतो. शहर माणसाला बिघडवते की माणूस मुळातच बिघडलेला असतो, हा चित्रपटांच्या चर्चेतला नेहमीचा वाद मला म्हणून पोकळ वाटतो. सत्याला तुरुंगाबाहेर दुसऱ्या कोणी खोली दिली असती, तर चित्रपट झाला नसता.

मुंबईत एके काळी ही खोली मिळत असे. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडचा माणूस गिरणगावात उतरला, की गावच्या मंडळाची खोली शोधी. एका खोलीत एका गावची कितीतरी माणसे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याने त्याच वळकटीवर पाठ टेकायची. जेवण खानावळीत, बहुधा गिरणीकामगाराच्याच घरातल्या बाईच्या हातचे, पैसे पगाराला. अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. खानावळ हा शब्द हुबळीतही तसाच चालतो. कानडी पाटीवरही तोच असतो. परगावच्या माणसाला ओळखदेख नसता ताटावर बसवणारी ही संस्था दोन्ही भाषांनी आपली मानली आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधीच चालल्या नाहीत. त्यात पगार गेले, आणि पगाराबरोबर पगारावर चाललेली ताटे आणि खोल्याही गेल्या. त्या घरांतल्या मुलांचे काय झाले, हे जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात आहे; त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली चित्रपटही केला. ती मुले तर मुंबईचीच, गिरणगावातच वाढलेली. त्यांनाही आधी ‘आपला’ म्हणणारा शेवटी टोळीवालाच भेटला.

तळ्याकाठच्या त्या मुलाचा आक्षेप येथेही उभा राहतो, आणि तो मी टाळणार नाही. ते जुने गिरणगाव सर्वांसाठी सारखे नव्हते. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. गाव शहरात आले ते आपली शिवाशिव बरोबर घेऊनच. म्हणून त्या जुन्या खोल्या जशाच्या तशा पुन्हा उभ्या कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. खोली हवी, दारात आडनाव विचारणारा नको. आपल्या मंडळांना आणि ज्ञातिसंस्थांच्या वसतिगृहांना हे अजून जमायचे आहे. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही, की चित्रपटातल्या टोळीला ते जमले आहे. भिकू म्हात्रे सत्याला आडनाव विचारीत नाही. त्या मुलाला सत्या का आवडतो, हे मला येथे कळले.

आणखी एक गंमत. गाव नसलेल्या माणसाचा हा चित्रपट केला कोणी? दिग्दर्शक वर्मा हैदराबादचे, तेथे व्हिडिओचे दुकान चालवलेले. सत्या झालेले जे. डी. चक्रवर्ती तेलुगू चित्रपटांतून आलेले. अनुराग कश्यप यांचा जन्म गोरखपूरचा. सौरभ शुक्ला यांच्यासोबत त्यांनी हे लेखन केले. आणि मुंबईचा अस्सल मराठी भिकू म्हात्रे उभा केला तो मनोज बाजपेयी यांनी, बिहारमधल्या चंपारणच्या बेलवा गावच्या माणसाने. त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. म्हणजे हे सारे स्वतःच नवखे. त्यांनाही मुंबईत कोणीतरी आधी ‘आपला’ म्हटले असणार. नाहीतर चित्रपट झालाच नसता. आपल्या नायकाला मात्र त्यांनी तेवढे नशीब दिले नाही.

हे सारे मी इतक्या आस्थेने लिहितो, त्याला घरचेही कारण आहे. माझा भाचा पुढल्या महिन्यात नोकरीसाठी मुंबईस निघाला आहे. निघायच्या आदल्या रात्री अक्काने डब्यात धारवाडी पेढे भरता भरता विचारले, “तुमच्या त्या सिनेमातल्या पोराला आई नव्हती का रे?” भाचा म्हणाला, “दाखवली नाही, अव्वा.” ती म्हणाली, “दाखवली नाही म्हणजे नव्हती असं नाही.” दाजी हसले, आणि विषय तेथेच संपला.

मी भाच्याला मुंबईतल्या दोघांचे पत्ते लिहून दिले. एक माझ्या शाळेतला मित्र, एक आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. तळ्याकाठच्या त्या दुसऱ्या मुलालाही मी तोच कागद दिला. तोही आज ना उद्या जाणार आहे. त्याने तो वाचून विचारले, “मामा, हे लोक आडनाव विचारतील?” मी सांगितले की एक विचारणार नाही याची मला खात्री आहे. दुसऱ्याविषयी मी काही बोललो नाही. त्याने दुसऱ्या नावावर रेघ मारली आणि कागद खिशात ठेवला.

कोल्हापुरातून, सांगलीतून, बेळगाव-हुबळीकडून दर वर्षी मुले मुंबई-पुण्यास, बंगळुरास जातात. त्यांच्यासाठी प्रत्येकाने एक नाव तरी सांगावे. आणि ते नाव असे असावे, की त्यावर कोणाला रेघ मारावी लागू नये.